ओव्हनची वाटणी

बोरुड्यांच्या घरात वाटणी निघाली तेव्हा शेत नव्हतं, विहीर नव्हती, म्हणून सगळ्यांना वाटलं, हे काम दुपारच्या चहाच्या आत उरकेल. नगरच्या माळीवाड्यातल्या तीन खोल्या, एक पडवी, मागचं अंगण आणि भांडीकुंडी. एवढ्याशा ऐवजावर भांडायला अंगात कसब लागतं. ते थोरल्या आक्काबाईकडे होतं, आणि धाकट्या मनकर्णेकडेही काही कमी नव्हतं.

मनकर्णेचा नवरा कानिफनाथ काविळीनं गेला. त्याच्या वर्षश्राद्धाची भांडी घासून झाली, ओल्या हातांनीच ती थोरल्या जावेसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आक्का, मला चूल वेगळी पायजे."

आक्काबाईच्या हातातली पळी आमटीत पडली. नवरा गेलेली जाऊ म्हणजे पहाटे पाणी भरणारी, दुपारी भाकरी थापणारी आणि रात्री उरलंसुरलं खाऊन देवाचं नाव घेणारी बाई, असा तिचा साधा, सरळ आणि स्वतःच्या फार सोयीचा समज होता. तो समज तिनं सहा महिने जपला, भांडून जपला, रडून जपला, एकदा तर अंगात आणून जपला. शेवटी सहादेवनं, म्हणजे आक्काबाईच्या नवऱ्यानं, मिरजगावच्या चुलत्याला बोलावणं धाडलं. सहादेव कचेरीत कारकून होता. कुठलाही कागद स्वतः निकालात न काढता वर पाठवायची त्याला सवय होती.

भिमाजी तात्या आले. आजवर त्यांनी भावकीतली बैलं, बांध, बाभळी आणि एकदा एक लाकडी तिफणसुद्धा वाटून दिली होती. त्यांच्या न्यायाला मिरजगावात मान होता, कारण तो दोन्ही बाजूंना सारखाच आवडत नसे. त्यांनी खोल्या वाटल्या. मागची खोली मनकर्णेला. भांडी चिठ्ठ्या टाकून थोरल्या घराकडे गेली. विजेची इस्त्री, टेबलावरचा दिवा वगैरे जे काही होतं ते मनकर्णेकडे, कारण कानिफनाथ कॅम्पात वायरिंगची कामं करायचा आणि इस्त्री चालेल असं विजेचं जाड बटण घरात तेवढं एकच, तेही त्यानं स्वतःच्या खोलीत बसवलेलं.

मग तात्यांची नजर फळीवर गेली.

"ते काय हाय?"

"ओव्हन हाय," मनकर्णा म्हणाली. "कॅम्पातल्या मेजरसायबाची बदली झाली तवा बाईसायबांनी ह्यांना दिल्ता."

"कशाला लागतो?"

"नानकटाई भाजायला."

तात्यांनी ओव्हन खाली घेतला आणि विकत घ्यायच्या कोंबडीसारखा चहूबाजूंनी चाचपला. गोल, टोपल्याएवढा, पांढऱ्या धातूचा. खाली बैठक, तीत मातीची तबकडी आणि तबकडीच्या खाचांतून फिरवलेली तारेची कॉइल. तिच्यावर बसणारं पसरट भांडं. त्याला काचेचा डोळा असलेलं झाकण. तात्यांनी वरचं भांडं उचललं, तर ते बैठकीपासून अलगद वेगळं झालं.

"सुटतंय की!" तात्या म्हणाले. जन्मभर बैल वाटलेल्या माणसाला असा आनंद क्वचितच मिळतो. "मग तर प्रश्नच न्हाई. जे तापतं ते विजेचं, ते धाकटीचं. जे वर बसतं ते भांडं, ते थोरलीचं."

"आवो तात्या, अर्धा ओव्हन घिऊन मी काय करू?" मनकर्णेनं विचारलं.

"आन म्या काय करू?" आक्काबाई म्हणाली. पण तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच समाधान पसरलं होतं. आपल्याला काय मिळालं यापेक्षा हिला काय मिळालं नाही, ते तिला लगेच कळलं होतं.

आळीत दिवाळी आली की बाया मैदा, पिठीसाखर आणि डालडा मळून, ताटल्यांत गोल गोल मांडून बाजारातल्या भट्टीवर नेत आणि रांगेत अर्धा दिवस घालवून भाजून आणत. बोरुड्यांच्या घरी ओव्हन आल्यापासून आळीतल्या निम्म्या ताटल्या इथंच येऊ लागल्या होत्या. भाजायची मनकर्णा, आणि मजुरी जायची आक्काबाईच्या डब्यात. वेगळ्या चुलीचा सगळा हिशोब मनकर्णेनं ह्या ओव्हनवर मांडला होता.

उठता उठता तात्यांनी शेवटचा निकाल दिला. "हे बघ पोरी. चूल मागनं सोपं हाय, पेटती ठेवनं अवघड. फुडल्या दिवाळीला मी यीन. सवताच्या कमाईवर सवताची चूल चालवताना दिसलीस, तर ती तुजी. न्हाई दिसलीस, तर मुकाट थोरलीच्या सैपाकघरात. काय सहादेव?"

"बरोबर हाय," सहादेव म्हणाला. आक्काबाईनं काही विचारलं असतं तरी तो हेच म्हणाला असता.

वर्षभर मनकर्णेनं लोकांची पोलकी शिवली, पापड लाटले. तो बहात्तरचा दुष्काळ होता. नवी पोलकी शिवणारी माणसं कमी आणि जुन्याला ठिगळ लावून मागणारी जास्त. भाकरी निघत होती, पण कशीबशी, आणि आक्काबाई दर चार दिवसांनी पडवीतून मोठ्यानं विचारायची, "राहीबाई, आज काय धूर दिसंना गं मागच्या खोलीतनं?"

राहीबाई समोर राहायची. दोन्ही जावांचं एकमेकींशी बोलणं बंद होतं, ते तिच्यामार्फत चालायचं. ती निरोप पोचवायची आणि वाटेत त्याला थोडी फोडणी द्यायची.

पावसाळा सरत आला तशी मनकर्णेनं आपला अर्धा ओव्हन फळीवरून काढला. त्याची अवस्था बघवत नव्हती. कॉइल जागोजागी तुटलेली, कानिफनाथानं पीळ देऊन देऊन जोडलेली. आता तिच्यात तारेपेक्षा गाठीच जास्त होत्या. मातीची तबकडी तडकलेली. वायरीवरचं सुती कापड झिजून आतली तांब्याची तार बाहेर डोकावत होती. मनकर्णेनं ते सगळं धडप्यात बांधलं आणि तेलीखुंटाला छगनच्या दुकानात नेऊन टाकलं.

छगन रेडिओ, इस्त्र्या, पंखे, जे येईल ते दुरुस्त करायचा. कामाचं त्याला वावडं नव्हतं. ते आज करायचं वावडं होतं.

"कॉइल नवी टाकावी लागंल, वैनी. तबकडी पन. वायर तर मानूस मारंल."

"टाक. पन लवकर."

"उद्या."

ही बातमी राहीबाईनं दुपारच्या आत पडवीत पोचवली. आक्काबाई विचारात पडली. धाकटीचा अर्धा नवा होणार आणि आपला जुनाच राहणार, ही गोष्ट तिच्या मनाला घोर लावून गेली. तिच्या झाकणाची काच तडकली होती, वरची बेकेलाइटची मूठ फुटली होती, कडेनं वाफ अडवायला बसवलेली ॲस्बेस्टॉसची दोरी उंदरांनी कुरतडली होती. ओव्हनचा वरचा अर्धा भाग खालच्याशिवाय काही कामाचा नाही, हे तिला कळत होतं. पण दुरुस्ती कामासाठीच करायची असते, असं कुणी सांगितलंय? तिनं सहादेवाच्या सायकलला पिशवी लटकवली. कचेरीत जाता जाता त्यानं ती छगनकडे टाकली.

छगनच्या हाती असा एकाच ओव्हनचा दोन्ही घरचा ऐवज आला. त्यानं दोघींनाही "उद्या" सांगितलं आणि दोघींकडूनही आगाऊ घेतलं.

बऱ्याच उद्यांनंतर मनकर्णा दुकानात गेली, तर फळकुटावर तिची बैठक, बैठकीवर आक्काबाईचं भांडं, त्यावर नवी काच लावलेलं झाकण. वाटणीनंतर ओव्हन पहिल्यांदाच अख्खा उभा होता. काचेतून आत लालसर उजेड दिसत होता आणि छगन त्यात दोन बटाटे भाजत होता.

मनकर्णा बघत राहिली. तिला वाटलं, हे असंच उचलावं आणि पळावं.

"छगन, हे काय रे?"

"टेस्टिंग." छगननं मान खाली घातली. "जोडल्याशिवाय कळनार कसं, वैनी? तुमची कॉइल झ्याक तापतीय. त्यांची दोरी पन वाफ सोडंना. एकमेकांना अगदी..."

"एकमेकांना काय?" मागून आवाज आला.

दारात आक्काबाई उभी होती. आज सहादेवावर न विसंबता ती स्वतः आली होती. तिनं भांड्याकडे पाहिलं, बैठकीकडे पाहिलं, मग जावेकडे पाहिलं.

"माझ्या भांड्याखाली कुनाची घान लावलीस रं, छगन्या?"

वर्षभरात आक्काबाई मनकर्णेच्या कानावर पडेल असं पुष्कळ बोलली होती, पण समोरासमोर हे पहिलंच. मनकर्णेलाही बरंच वाटलं. राहीबाईमार्फत भांडून भांडून ती विटली होती.

"घान? नवी कॉइल हाय ती, आक्का. माझ्या पैशाची. तुमचं ते भोकाचं झाकन तिच्यावर ठिवून तिची लाज काढली ह्यानं."

"भोकाचं? अगं भवाने, काच हाय ती! आत काय भाजतंय ते दिसतं. तुला आपल्या खोलीत काय चाललंय ते तरी दिसतं का? रातचा दिवा जळत बसतो!"

"पोलकी शिवते मी. तुमच्यासारखी दुसऱ्याच्या मजुरीवर ताव मारून घोरत न्हाई."

"खाल्लंस ना आमचं इतकी वरसं!"

"उरलेलं! उरलेलं खाल्लं, आक्का. आन तेबी तुमच्या शेळीनं तोंड फिरवल्यावर!"

दुकानाबाहेर माणसं थांबली. पंखा दुरुस्तीला घेऊन आलेला एक म्हातारा आत येऊन स्टुलावर बसला. छगननं बटाटे वाचवण्यासाठी हात पुढे केला आणि आक्काबाईनं त्याच हातावर फटका मारून भांडं उचललं. ते तापलेलं होतं. तिला चटका बसला. पण मनकर्णेसमोर भांडं खाली ठेवणं शक्य नव्हतं, म्हणून ओठ आवळून, पदरात धरून, तिनं ते तसंच नेलं. वाफाळणारे बटाटे आत गडगडत होते. छगनचा दुपारचा डबा त्या दिवशी माळीवाड्यात गेला.

दाराशी वळून ती म्हणाली, "दिवाळीला तात्या येनार हायेत. भाकरी थापायला परातीशी जागा करून ठिवते तुझी."

ते शब्द दुकानातच सोडून मनकर्णा बैठक छातीशी धरून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी तिनं अंगणात पाहिलं. ओव्हनच्या भांड्यात आक्काबाईनं शेळीसाठी पेंड भिजत घातली होती. नवी काच, नवी मूठ, नवी दोरी असलेलं झाकण वर रीतसर बसवलेलं. नगर शहरात त्या काळी इतक्या इतमामानं पेंड खाणारी दुसरी शेळी नसावी. मनकर्णेच्या दारासमोर बरोबर, वाट अडवून ते भांडं ठेवलेलं, येता जाता नजर पडावी म्हणून.

पडली. आणि त्याच दिवशी मनकर्णा तांबट गल्लीत गेली. जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, एक जाड पातेलं घेतलं. बैठकीवर ते नीट बसावं म्हणून भांडेवाल्याकडून त्याला खाली कडं बसवून घेतलं. पोलक्यांच्या कमाईतलं जे साठलं होतं ते सगळं ह्या पातेल्यात गेलं. झाकणाला काच लावणं परवडलं नाही, म्हणून जाड पत्र्याचं साधं झाकण केलं. कडेच्या दोरीसाठी छगनकडे गेली तेव्हा छगन म्हणाला, "ह्याच बंडलातली त्यांना दिलीय, वैनी." मनकर्णा म्हणाली, "मग दुसऱ्या बंडलातली दे."

काच नसल्यामुळे आत काय चाललंय ते दिसत नव्हतं, आणि झाकण उघडलं की ऊब पळायची. पहिला घाणा कोळसा झाला. दुसरा कच्चा राहिला. तो तिनं राहीबाईच्या कोंबड्यांना घातला. त्या दुष्काळातही कोंबड्यांनी तो टाकला. तिसऱ्या वेळी ती झाकणाशी नाक नेऊन बसली. तुपट वास आधी येतो, मग गोडसर, आणि गोडसर वास करपण्याच्या जरा अलीकडे आला की बटण बंद करायचं. तो घाणा जमला. राहीबाईनं एक खाल्ली, दुसरी खाल्ली, आणि तिसरी पदरात बांधून थेट पडवीत गेली.

त्या संध्याकाळपासून मनकर्णेनं ताटल्या घेतल्या की वीज जाऊ लागली. मीटर पडवीत होता आणि मीटरखालचा फ्यूज आक्काबाईच्या हाताशी. मनकर्णेचा घाणा अर्धा भाजला की फ्यूज बाहेर, आणि घाणा बसला की आत. विचारलं तर आक्काबाई राहीबाईला सांगायची, "सरकारची वीज हाय बाई, दुष्काळात ती तरी कुठनं यायची?" मनकर्णेचे दोन घाणे वाया गेले. लोकांचा मैदा, लोकांची रेशनची साखर. तिनं आपल्या पिठातून ते भरून दिले आणि दोन दिवस नुसता चहा पिऊन काढले.

ह्या लढाईत तिला एक मदत मिळाली, ती अगदी अनपेक्षित. एके संध्याकाळी आक्काबाईनं फ्यूज काढला तेव्हा सहादेवाचा रेडिओही बंद पडला. आत बातम्या चालू होत्या. सहादेव अंधारात उठून पडवीत आला आणि लग्न झाल्यापासून पहिल्यांदा बायकोवर ओरडला.

"बातम्या!"

एवढंच. पण आक्काबाई इतकी दचकली की फ्यूज तिच्या हातातून पडला. त्यानंतर तिनं तो काढला नाही. न्याय, माणुसकी, भावजयीचे कष्ट ह्या गोष्टी वर्षभर सहादेवाला हलवू शकल्या नव्हत्या, हे मनकर्णेनं मनात नोंदवून ठेवलं.

दिवाळी तोंडावर आली. मनकर्णेच्या दाराशी ताटल्यांची रांग लागू लागली. बाजारातल्या भट्टीचाच नियम तिनं ठेवला होता : मजुरी आधी, ताटली मागून. आणि भिमाजी तात्या मिरजगावहून येऊन पडवीतल्या बाजेवर बसले. तंबाखू चोळत ते मागच्या खोलीकडे बघायचे, कोण येतं, कोण जातं.

आक्काबाईलाही तेव्हा श्वास घ्यायला फुरसत नव्हती. तिच्या लेकीचं, गीताचं लग्न उन्हाळ्यात झालं होतं, हा पहिलाच दिवाळसण. जावई गोरक्ष पुणतांब्याहून येणार, आणि बरोबर विहीणबाई. लग्नात बोलता बोलता आक्काबाई त्या विहिणीला सांगून बसली होती की आमच्याकडे भट्टी-बिट्टी नाही बाई, सगळं घरच्या घरी, विजेच्या ओव्हनवर. विहिणीनं ते लक्षात ठेवलं होतं. परवाच्या पत्रात जावयानं लिहिलं होतं, "आईला तुमच्या ओव्हनवरच्या नानकटाईची फार आठवण येते," आणि आईनं तर ती कधी खाल्लीच नव्हती.

मग ओव्हनच्या वरच्या अर्ध्या भागाला शेळीच्या सेवेतून सुट्टी मिळाली. आक्काबाईनं तो चिंच, राख आणि बरीच चीड लावून घासला. काच चमकली, मूठ चमकली. पाहुणे तिसऱ्या प्रहरी पोचणार होते. सकाळी तिनं कोळशाची शेगडी फुलवली, भांडं तीवर ठेवलं, आत ताटली सरकवली, झाकण लावलं आणि काचेतून बघत बसली. आपल्याला दिसतं, धाकटीला दिसत नाही, ह्याचा तिला मोठा आधार होता.

काही होईना. तिनं वारा घातला. तरी काही होईना. मग तिनं पुठ्ठा घेऊन जोरजोरात वारा घातला, मागच्या खोलीतून येणाऱ्या वासाकडे बघत बघत घातला. कोळसे पांढरे पडले. विजेच्या मंद उबेवर बसायची सवय असलेल्या त्या भांड्यानं काही वेळ सोसलं. मग त्याचं बूड मऊ झालं, खाली झुकलं, आणि नानकटाईसकट शेगडीत उतरलं. काचेतून हे सगळं स्वच्छ दिसलं.

धूर पडवीत आला तेव्हा तात्यांनी विचारलं, "काय जळलं गं?"

"काय न्हाई," आक्काबाई म्हणाली. "शेगडी."

उरलेलं पीठ होतं. आक्काबाईनं ते दुसऱ्या ताटलीत मांडलं आणि बाजाराकडे निघाली. भट्टीवाल्यानं लांबूनच हात हलवला. भाऊबिजेपर्यंत नवी ताटली घेणार नव्हता. ती परत आली. ऊन चढत होतं, ताटलीतला डालडा पाझरायला लागला होता, गोल गोल नानकटाया एकमेकींच्या अंगावर रेलत होत्या. ती आपल्या पडवीत थोडा वेळ उभी राहिली. मग तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि अंगण ओलांडलं.

मनकर्णेच्या दारात चारपाच बाया होत्या. त्या आपोआप बाजूला झाल्या. आक्काबाई रांग मोडून आत गेली आणि ताटली ओव्हनशेजारी ठेवली.

"एवढी भाज," ती म्हणाली. राहीबाई शेजारीच उभी असताना तिला मध्ये न घेता बोलली.

मनकर्णेनं ताटलीकडे पाहिलं. मग दारातून पडवीकडे पाहिलं. तात्यांचा तंबाखू चोळणारा अंगठा थांबला होता. ह्या दिवसासाठीच ते आले होते. आता ही ताटली अशीच भाजून दिली तर काय, हे तिला लख्ख दिसत होतं. थोरलीनं सांगितलं, धाकटीनं भाजलं. एका घरातली कामं. मजुरी नाही, म्हणजे गिऱ्हाईक नाही; गिऱ्हाईक नाही, म्हणजे चूल वेगळी नाही.

"मजुरी आधी," ती म्हणाली.

दारातल्या बाया पुढे सरकल्या.

"काय म्हनलीस?"

"सगळ्यांना तोच नेम हाय. ह्या राहीबाईनंबी आधी दिली."

"दिली गं बाई," राहीबाई घाईघाईनं म्हणाली.

"मी काय परकी हाय?" आक्काबाईनं आवाज पडवीपर्यंत पोचेल इतका चढवला. "घरच्या मानसानं घरच्याला मजुरी द्यायची? तात्या, ऐकताय न्हवं? माझ्या घरातली बाई माझ्या लेकीच्या सणाला भाजनार, त्याचे पैसे मागती! कुठल्या घरात बघितलं का असलं?"

"घर एक हाय, आक्का," मनकर्णा म्हणाली. आवाज तिचा चढला नव्हता. "चूल दुसरी हाय." आणि आक्काबाईची ताटली उचलून बाजूच्या फळीवर ठेवून तिनं रांगेतल्या पुढच्या बाईची ताटली आत सरकवली.

तो घाणा भाजून निघत आला. फळीवरच्या ताटलीतून डालड्याचा एक थेंब खाली पडला. मग दुसरा. आक्काबाई तिथंच उभी होती. बाहेर पडली तर सगळी आळी बघणार. आत उभी राहिली तरी बघतच होती. मग रस्त्यावर टांग्याची घंटा वाजली. तो टांगा पुढे गेला, दुसऱ्याच कुणाचा होता. पण आक्काबाईला त्यात विहीणबाई दिसल्या.

तिनं कनवटीचे पैसे काढले आणि मनकर्णेच्या पायापाशी जमिनीवर फेकले. नाणी घरंगळत कोपऱ्यात गेली.

"घे. लई हाव सुटली तर घे वेचून."

मनकर्णा वाकली नाही. तिनं ओव्हनचं झाकण पुसलं. पुन्हा पुसलं.

"हातात द्या," ती म्हणाली.

हे जरा जास्तच होतं, असं राहीबाईलासुद्धा वाटलं. तिनं ते नंतर सगळ्यांना सांगितलं. पण त्या वेळी ती गप्प बसली, कारण पुढे काय होतंय ते तिला चुकवायचं नव्हतं.

आक्काबाई गुडघे टेकून खाली बसली. एकेक नाणं वेचलं. उठताना भिंतीला धरलं. आणि जावेच्या तळहातावर ते सगळे पैसे इतक्या जोरात दाबले की तिच्या नखांच्या खुणा उमटल्या. मनकर्णेनं मूठ मिटली.

पडवीत भिमाजी तात्या बाजेवरून उठले. "सहादेव," ते म्हणाले, "चूल येगळी. मी बघितलं. आता मला चहा सांग."

"बरोबर हाय," सहादेव म्हणाला.

मनकर्णेनं आक्काबाईची ताटली आत सरकवली, झाकण लावलं, आणि झाकणाशी नाक नेऊन बसली. ताटली बाहेर आली तेव्हा नानकटाया फिक्या बदामी, वरून तडकलेल्या, एकसारख्या फुगलेल्या होत्या. आळीत त्या दिवशी ह्याहून चांगला घाणा निघाला नव्हता. ती जिंकली होती, आणि ते तिला आता कुठं समजत होतं.

पण आक्काबाई ताटली घेऊन गेली नाही. तिनं कोपऱ्यातला पाट ओढला, मनकर्णेसमोर मांडी घालून बसली, एक नानकटाई उचलली, मोडली, वास घेतला, आतून बघितली आणि तोंडात टाकली. बराच वेळ चावत राहिली.

"कच्ची हाय," ती म्हणाली.

"कच्ची न्हाई, आक्का."

"मी गिऱ्हाईक हाय," आक्काबाई शांतपणे म्हणाली. "घरची असते तर गप गिळली असती. मजुरी मोजून घेतलीस न्हवं? मग ऐकून घ्यायचं. ह्या बाजूच्या जरा लाल झाल्यात. त्या मधल्या बसल्यात. काचबिच न्हाई तुझ्या ओव्हनला, तुला काय दिसनार? परत लाव."

दारातल्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीनं आपल्या कालच्या नानकटायांबद्दल तोंड उघडलं आणि मिटलं, पण तिनं तोंड उघडलेलं मनकर्णेनं पाहिलं. आता ह्या बाईशी भांडायची सोय राहिली नव्हती. जावेशी भांडता येतं. गिऱ्हाइकाशी भांडलं की दुसरं गिऱ्हाईक येत नाही.

तिनं ताटली परत आत सरकवली.

त्या दिवाळसणाला मनकर्णेला जेवायचं बोलावणं आलं नाही. परक्या चुलीला बोलावणं कशाला? पलीकडून जावयाच्या हसण्याचा, विहिणीच्या कौतुकाचा आवाज येत होता. "विजेच्या ओव्हनची सर नाही बाई भट्टीला," असं विहीणबाई म्हणाल्याचंही तिला ऐकू आलं, आणि "घरचाच आहे, दिसेल तुम्हाला कधीतरी," असं आक्काबाई म्हणाल्याचंही. मनकर्णेनं आपल्या चुलीवर आपली भाकरी भाजली, आणि ती जरा लाल झाली तेव्हा तिच्या मनात पहिल्यांदा आक्काबाईचाच आवाज आला.

दुसऱ्या दिवशी अंगण झाडायच्या आत दार वाजलं. बाहेर आक्काबाई. एका हातात ताटली, दुसऱ्या हातात पैसे, सगळ्या आळीला दिसतील असे उंच धरलेले.

"जावायाला आवडल्या," ती म्हणाली. "ह्या टायमाला नीट भाज. आन आता दर आठवड्याला आननार हाय मी. रोख."

मनकर्णेनं आत जाऊन कोपऱ्यातला पाट पुढे सरकवला. गिऱ्हाइकाला बसायला द्यावंच लागतं.